क्लासची फी भरण्याआधी एक वर्ष काम करून बघ

पत्र

ताई, मी बार्शीची. पुण्यात बी.एफ.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, रेखा व रंगकला. शनिवार पेठेत कॉट बेसिसवर राहते. खोलीतल्या बाकी दोघी इंजिनिअरिंगच्या, त्यांच्या तोंडी सारखं कॅम्पस आणि पॅकेज. आमच्याकडे तसला काही प्रकारच नाही. बाबांचं बार्शीत शिलाईचं दुकान आहे. दर फोनला ते विचारतात, "पास झालीस की पुढं काय?" मला उत्तर देता येत नाही. आत्याच्या मुलानं ॲनिमेशनचा १४ महिन्यांचा कोर्स सुचवलाय, फी २ लाख ८० हजार, शंभर टक्के प्लेसमेंट म्हणे. बाबा कर्ज काढायला तयार आहेत. वर्गातले म्हणतात ए.टी.डी. (कलाशिक्षकाची पदविका) करून शिक्षिका हो. काही म्हणतात उपयोजित कला, म्हणजे जाहिराती-मांडणीची शाखा, घ्यायला हवी होतीस, पेंटिंगवाल्यांना कोण विचारतं? त्यात आता एआयच चित्रं काढायला लागलंय. मला पेंटिंग आवडतं, स्केचिंग त्याहून जास्त. मंडईत बसले की तीन-तीन तास उठत नाही. पण याचं पुढे काय होतं, कोणकोणते रस्ते आहेत, हे नीट कुणी सांगत नाही. आणि बाबांना काय सांगू?

उत्तर

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ते दोनदा वाचलं. मंडईतल्या तीन तासांचं वाक्य वाचून जरा थांबले. पत्रात बाकी सगळी इतरांची मतं आहेत, तुझी स्वतःची अशी ती एकच ओळ. तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

आधी कोर्सचं बोलू, कारण तिथे कर्जाचा प्रश्न आहे आणि कर्जाला तारीख असते.

ॲनिमेशन वाईट क्षेत्र आहे असं मी म्हणणार नाही. पुण्यात ॲनिमेशन, व्हीएफएक्स आणि गेमिंगचं काम चालतं आणि त्यात चित्रकलेचे विद्यार्थी आहेत. पण "ॲनिमेशनमध्ये नोकरी" या दोन शब्दांखाली फार वेगवेगळी कामं येतात. एखाद्या दृश्यातल्या नटाची बाह्यरेषा फ्रेममागून फ्रेम कापत बसणं, त्याला रोटो म्हणतात, हेही तिथलंच काम. चित्रीकरणात दिसलेल्या तारा-दोऱ्या पुसणं हेही तिथलंच. आणि स्टोरीबोर्ड काढणं, पात्र घडवणं, पार्श्वभूमी रंगवणं, हेही तिथलंच. पहिल्या दोन कामांना सॉफ्टवेअर आणि चिकाटी लागते. नंतरच्या तीन कामांना लाइफ स्टडी, पर्स्पेक्टिव्ह आणि कॉम्पोझिशन लागतं, म्हणजे तू गेली अडीच वर्षं जे करते आहेस तेच. कोर्सवाले जाहिरातीत दाखवतात नंतरची तीन आणि बऱ्याच मुलांना लागते ती पहिल्या दोनांतली नोकरी.

म्हणून फी भरण्याआधी तिथे जाऊन बस आणि विचार: मागच्या दोन बॅचमधली मुलं कुठे आहेत? त्यातल्या चौघांचे नंबर द्याल का? त्यांचं पहिलं काम काय होतं? कोर्स मध्येच सोडला तर कर्जाचे हप्ते थांबतात की चालूच राहतात? हप्ते चालूच राहतात, बहुतेक वेळा. "शंभर टक्के प्लेसमेंट" म्हणजे नोकरीची लेखी हमी की फक्त मुलाखतीला पाठवण्याची, हे करारात वाच. चौघांचे नंबर देताना समोरचा माणूस अडखळला, तर तुझं उत्तर तुला मिळालं.

आणि त्याही आधी, तुझ्याकडे किंवा मैत्रिणीकडे बरा कॉम्प्युटर असेल तर ब्लेंडर आणि क्रिटा ही ॲनिमेशन आणि चित्रांची दोन सॉफ्टवेअर उतरवून घे. दोन्ही फुकट आहेत, आणि चोरीची नव्हेत, मुळातच मोफत दिलेली आहेत. तीन महिने रोज तासभर दे. मंडईतल्या भाजीवाल्या मावशी टोपली उचलून डोक्यावर ठेवतात, तेवढी एकच हालचाल करून बघ. ते करताना वेळेचं भान सुटलं, तर हे क्षेत्र तुझं आहे. मग मात्र क्लासपेक्षा वरच्या पायरीचा विचार कर. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात ॲनिमेशनचं एम.डेस., म्हणजे डिझाइनची पदव्युत्तर पदवी, आहे, त्यासाठी सीड ही परीक्षा द्यावी लागते. बी.एफ.ए. झालेल्यांना ती देता येते आणि वयाची अट नाही. (बारावीनंतरची ती यूसीड, तिच्यात गल्लत करू नकोस.) अहमदाबादच्या एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची परीक्षा वेगळी असते. पण तीन महिन्यांत कंटाळा आला, तर बाबांचे २ लाख ८० हजार वाचले.

आता "पेंटिंगवाल्यांना कोण विचारतं" याबद्दल. तुझ्या पत्रातलं हे वाक्य मला सगळ्यात खुपलं. मी स्वतः उपयोजित कलेची. आमच्या वर्गाला एक गोष्ट सक्तीनं शिकवली जायची: दुसऱ्याचं म्हणणं ऐकायचं, ते कागदावर आणायचं आणि सांगितलेल्या तारखेला द्यायचं. ब्रीफ, लेआउट, करेक्शन, फायनल. रेखा व रंगकलेच्या वर्गात हे शिकवत नाहीत, तिथे तू आणि तुझा कॅनव्हास. तुमच्यात आणि आमच्यात कामाच्या दृष्टीनं फरक असलाच तर तो एवढाच. बघण्याची, रेषेची, रंगाची तालीम तुमची आमच्यापेक्षा खोल असते. तुझी पदवी अर्धवट नाही. ती पुरी करायला वरून आणखी एखादा क्लास जोडावा लागतो, हे डोक्यातून काढून टाक. तुला हवाय तो दुसऱ्यासाठी, पैसे घेऊन, वेळेत काम करण्याचा सराव. आणि तुझ्याकडे अजून दीड वर्ष आहे.

तो सराव पुण्यात कुठे करशील? इथे जरा सविस्तर सांगते, कारण नोकऱ्यांच्या याद्यांमध्ये या वाटा सहसा येत नाहीत.

येरवड्याला डेक्कन कॉलेज आहे. १८२१ साली सुरू झालेली संस्था, आज पुरातत्त्व आणि भाषाशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासाचं मोठं ठिकाण. तिथलं पुरातत्त्वाचं संग्रहालय बघून ये. महाराष्ट्रातल्या प्राचीन जोर्वे संस्कृतीची भांडी बघ, लाल अंगावर काळ्या रंगानं काढलेली नक्षी, तोटीची पात्रं. आपल्याच जिल्ह्यात घोड नदीकाठच्या इनामगावला या लोकांची वस्ती होती आणि डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून तिथे वर्षानुवर्षं उत्खनन केलं. आता चित्रकाराच्या नजरेनं विचार कर. उत्खननात निघालेल्या खापराचा फोटो निघतो, पण अहवालाला फोटो पुरत नाही. एका काठाच्या तुकड्यावरून अख्ख्या भांड्याचा घेर काढायचा, मधोमध रेघ मारून एका बाजूला आतला छेद, दुसऱ्या बाजूला बाहेरचं रूप दाखवायचं, जाडी मिलिमीटरला बरोबर हवी, छटा ठिपक्यांनी द्यायची. हे हातानं काढणारी माणसं कमी आहेत. या कामात कल्पनाशक्तीला रजा द्यावी लागते. जे आहे तेच दाखवायचं, सुंदर करायचं नाही. काहींना ते रुक्ष वाटेल. तीन तास एका जागी बसून बघू शकणाऱ्या मुलीला कदाचित वाटणार नाही.

त्याच जातीचं काम वनस्पतींचं. बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडियाचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यातच आहे, आघारकर संशोधन संस्थाही इथेच. नवी जात नोंदवताना फुलाचे भाग सुटे करून काढलेली चित्रं शोधनिबंधाला जोडतात. पूर्ण वेळच्या नोकऱ्या यात मोजक्याच, हे सरळ सांगते. पण संशोधक विद्यार्थ्यांना चित्रं हवी असतात, आणि एकीचं काम चांगलं झालं की ती दुसरीला सांगते. पुण्यातली बरीचशी कामं अशीच तोंडोतोंडी मिळतात.

तिसरी वाट जतनाची, इंग्रजीतून आलेला शब्द कॉन्झर्वेशन. पुण्यात किती जुना कागद आणि किती जुना रंग पडून आहे, याची आपल्याला कल्पना नसते. भांडारकर संस्थेतली हस्तलिखितं, भारत इतिहास संशोधक मंडळातली कागदपत्रं आणि लघुचित्रं, पेशवे दफ्तर, राजा दिनकर केळकर संग्रहालयातल्या वस्तू. कागद आम्ल होऊन पिवळा पडतो, कडेनं मोडायला लागतो, वाळवी लागते, तैलचित्राचा रंग पापुद्र्यानं सुटतो. हे थांबवणाऱ्या माणसाला चित्रकाराचा हात लागतो आणि प्रयोगशाळेची शिस्तही. या विद्येचा एक नियम मला फार आवडतो: तू जे जोडशील ते पुढच्या माणसाला मूळ वस्तूला धक्का न लावता काढता आलं पाहिजे. म्हणून कागदाच्या दुरुस्तीला साधी गव्हाच्या स्टार्चची खळ आणि पातळ जपानी कागद वापरतात, फेविकॉल नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संग्रहालयशास्त्र आणि जतनाची पदव्युत्तर पदविका आहे, शिवाय त्यांचं स्वतःचं जतन केंद्र आहे. लखनऊला केंद्र सरकारची जतनाची राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. अकरावी-बारावीला विज्ञान घेतलं नसशील तर रसायनशास्त्राची पुस्तकं पुन्हा उघडावी लागतील, त्याला घाबरू नकोस. मला आज पुन्हा विशीत जाता आलं तर मी हेच निवडेन.

शिल्पकलेला तुझी कुणी मैत्रीण असेल तर तिला एक सांग. मोटारींचं नवं मॉडेल बनवताना आजही डिझाइन स्टुडिओत मातीचं मॉडेल करतात, खास औद्योगिक माती, तापवून मऊ करायची आणि पात्यांनी तासायची. संगणकावर गाडी कितीही फिरवून पाहिली तरी पत्र्यावरून उजेड कसा सरकेल ते मातीवरच कळतं. पुणे-पिंपरी हा गाड्यांचा पट्टा आहे आणि क्ले मॉडेलर हा रीतसर पेशा आहे.

पुस्तकांचं काम तुला माहीत असेलच, तरी थोडं. बालभारती सेनापती बापट रोडवर आहे. अभ्यासक्रम बदलला की पाठ्यपुस्तकं नव्यानं होतात आणि त्यांना चित्रकार लागतात. व्यंगचित्रकार शि. द. फडणीसांनी शालेय गणिताच्या पुस्तकांसाठी चित्रं काढली, ती आमच्या पिढीतल्या कितीतरी मुलांना गणितापेक्षा जास्त आठवतात. दिवाळी अंकांची रेखाटनं पावसाळ्यात वाटली जातात, तेव्हा ऑक्टोबरमध्ये संपादकांना फोन करून उपयोग नाही, जूनमध्ये नमुने घेऊन जायचं. मानधन थोडं असतं. पण एका गोष्टीला एकच चित्र काढायचं, त्यात गोष्ट फोडायची नाही आणि तरी वाचकाला आत ओढायचं, हा धडा कुठल्याही कोर्सात मिळत नाही.

अक्षरांकडे तुझं लक्ष आहे का, पत्रातून कळलं नाही. असेल तर देवनागरी टाइप डिझाइनकडे बघ. र. कृ. जोशींसारख्या सुलेखनकारानं संगणकासाठी 'मंगल' हा फाँट घडवला, आणि पुढे मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेनं 'मुक्ता', 'बलू' यांसारखे फाँट सगळ्यांना मोफत वापरता येतील असे केले. मोबाइलवर मराठी वाचणारा प्रत्येक जण कुणीतरी काढलेलं अक्षर वाचतो आहे. या कामाला जोडाक्षरांचा प्रचंड धीर लागतो.

सिनेमा-मालिकांचं कलादिग्दर्शन, गणपतीचे देखावे, नाटकाचं नेपथ्य यांवर मी वेगळं पत्र आलं तर लिहीन. एवढंच सांगते की प्रभात फिल्म कंपनीचा स्टुडिओ १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्यात आला, त्याच जागेवर आज एफटीआयआय ही चित्रपट शिक्षणाची संस्था आहे, आणि तिथे कलादिग्दर्शनाचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. प्रभातचे फत्तेलाल मुळात चित्रकारच होते. आणि देखाव्यांना कमी लेखू नकोस. तुळशीबाग गणपतीची मूर्ती करणारे खटावकर शिल्पकार होते, कला महाविद्यालयात शिकवणारे.

शिक्षिका होण्याबद्दल. ए.टी.डी. केलं की शाळेत लागतो, ही आमच्या वेळची समजूत तुझ्या वर्गात अजून चालू आहे याचं मला वाईट वाटतं. अनुदानित शाळांमधल्या कलाशिक्षकांच्या जागा कितीतरी वर्षं भरल्या गेल्या नाहीत, आणि मुलं पदविका घेऊन वाट बघत बसली आहेत. माझेच विद्यार्थी आहेत त्यांत. शिकवणं तुला मनापासून हवं असेल तर दोन दारं जास्त उघडी आहेत. पुण्यात आयबी आणि आयजीसीएसई या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमांच्या शाळा वाढल्या आहेत, तिथे दृश्यकला हा गंभीरपणे शिकवायचा विषय आहे आणि त्या बी.एफ.ए., एम.एफ.ए. झालेल्यांना घेतात. इंग्रजीत बोलायची तयारी हवी, ती करता येते. दुसरं दार कॉलेजचं. त्यासाठी एम.एफ.ए. आणि नेट किंवा सेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा. नेटमध्ये दृश्यकला हा स्वतंत्र विषय आहे. एम.एफ.ए. करायचंच तर पुण्याबाहेर जा. बडोदा, शांतिनिकेतन, हैदराबाद, मुंबईचं जे.जे., कुठेही. चार वर्षं एकाच गावातल्या मंडळींनी चित्रं पाहिली की डोळा सरावतो. (पुणे विद्यापीठातलं ललित कला केंद्र नावामुळे फसवतं. ते संगीत, नृत्य, नाटकाचं आहे.)

शनिवार-रविवार लहान मुलांचे चित्रकलेचे वर्ग, एलिमेंटरी-इंटरमिजिएटची तयारी, हे तू उद्यापासून सुरू करू शकतेस. त्यातून कॉटचं भाडं सुटेल. पण आठवड्याचे सातही दिवस त्यात जाऊ देऊ नकोस. मी अशा दोघी-तिघी पाहिल्यात ज्यांनी दहा वर्षांत स्वतःचं एकही चित्र काढलं नाही.

आणि निव्वळ चित्रकार? तू नेमकं हे विचारायला घाबरलीस असं मला वाटलं, म्हणून मीच बोलते. होता येतं. पहिली काही वर्षं त्यावर घर चालत नाही, चालेल असं धरूनही चालू नये. तोवर वर सांगितलेल्यातलं एखादं काम पोटासाठी ठेवायचं आणि कॅनव्हासला आठवड्यातले ठरलेले दिवस द्यायचे, काही झालं तरी. राज्य कला प्रदर्शनात विद्यार्थी विभाग असतो, त्याला चित्र पाठव. बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनाला पाठव, ही संस्था १८८८ पासूनची आहे. नाकारलं तर पुढच्या वर्षी पुन्हा. केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे, १८ ते २५ वयासाठी, महिना ५,००० रुपये, दोन वर्षं. दृश्यकलेलाही मिळते. जाहिरातीवर लक्ष ठेव. घोले रोडचं राजा रविवर्मा कलादालन किंवा बालगंधर्वचं कलादालन चौघींनी मिळून घेतलंत तर खर्च झेपतो. भिंतीवर लागलेलं स्वतःचं चित्र अनोळखी माणसाच्या मागे उभं राहून बघणं, हा अनुभव विद्यार्थिनी असतानाच घ्यावा.

एआय. तू एका वाक्यात लिहिलंस, पण भीती त्या वाक्याहून मोठी असणार. खरं तेवढंच सांगते. दुकानाच्या उद्घाटनाचं पोस्टर, ब्लॉगवर लावायचं कुठलंही एक चित्र, वाढदिवसाचा फ्लेक्स, ही कामं स्वस्त झाली आणि पुष्कळशी गेली. नवशिक्यांची पहिली कमाई त्यातून व्हायची, म्हणून तुमच्या पिढीला हा फटका लागतो आहे. ते नाकारून मी तुला दिलासा देणार नाही. पण वरची कामं पुन्हा वाच. इनामगावच्या खापराची जाडी यंत्राला अंदाजानं ठरवता येत नाही. पोथीचं पान कुणीतरी हातातच घ्यावं लागतं. पाठ्यपुस्तकात नऊवारीचा काष्टा चुकला, पेशवाईतल्या पगडीच्या जागी भलतंच काही आलं, बैलाच्या मानेवरचं जू उलटं बसलं, तर त्याला जबाबदार माणूस लागतो. मंडईत बसून तू जे पाहतेस, तराजू धरताना मनगट कसं वळतं, पोत्यावर बसलेल्या माणसाचा गुडघा कुठे येतो, ते तुझं भांडवल. ते वाढव. वह्या भर. आणि एआय हाताळूनही बघ, म्हणजे त्याचं चुकतं कुठे ते तुला कळेल.

आता पैशाचा व्यवहार, कारण इथे आपली मुलं बुडतात. पंचवीसेक वर्षांपूर्वी मी एका प्रकाशकासाठी मुखपृष्ठ केलं. तोंडी ठरलं, पैसे मिळाले, मी खूश. दोन वर्षांनी तेच चित्र मला एका कॅलेंडरवर दिसलं, मग दुसऱ्याच पुस्तकावर. विचारायला गेले तर उत्तर आलं, "पैसे दिले होते ना?" माझ्याकडे दाखवायला एक चिठ्ठीसुद्धा नव्हती. मला त्या दिवशी आलेला राग अजून आठवतो, आणि तो तुला येऊ नये म्हणून लिहिते. १९५७ चा कॉपीराइट कायदा सांगतो की हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. किती काळासाठी दिले हे लिहिलं नसेल तर ती मुदत ५ वर्षं धरली जाते, आणि कुठल्या प्रदेशासाठी हे लिहिलं नसेल तर भारतापुरते. पण एक खाच आहे. कुणाच्या सांगण्यावरून पैसे घेऊन केलेलं पेंटिंग किंवा पोर्ट्रेट असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिली मालकी ते करवून घेणाऱ्याची ठरते. म्हणून काम लहान असो की मोठं, एक पान लिहायचं: काय काम, कशासाठी वापरणार, किती बदल करून देणार, किती पैसे, कधी. अर्धे पैसे आधी. ईमेलवर "मान्य" असं उत्तर आलं की मगच पेन्सिल उचलायची. नात्यातलं माणूस असलं तरी. बिल स्वतःच्या नावानं, क्रमांक घालून द्यायचं. टीडीएस, म्हणजे आधीच कापलेला प्राप्तिकर, कापला तर त्याचं प्रमाणपत्र मागून विवरणपत्र भरायचं, उत्पन्न करपात्र नसेल तर ते पैसे परत मिळतात. जीएसटीची चिंता आत्ता नको, सेवांसाठी वर्षाला २० लाखांची उलाढाल होईपर्यंत साधारणपणे नोंदणी लागत नाही.

हे तुला अवघड जाईल असं मला वाटत नाही. तू दुकानात वाढली आहेस. बाबा माप घेतात, वहीत लिहितात, कापडाचा तुकडा वहीला टाचतात, बयाणा घेतात, ट्रायलला बोलावतात, बाहीत थोडं सैल करायचं तर करून देतात, पण ब्लाउजचा अख्खा गळा बदलायला सांगितला तर वेगळे पैसे मागतात. दिवाळीच्या आठ दिवस आधी नवी ऑर्डर घेत नाहीत. माझ्या वर्गातल्या मुलांना हे समजवायला मला एक सत्र लागतं. तुझ्या खोलीतल्या त्या दोघींना हे येत नाही. पत्रात तू "बाबांचं दुकान आहे" असं एका ओळीत उरकलंस. मला वाटतं तुझ्या शिक्षणाचा अर्धा भाग तिथे झालाय.

तेव्हा येत्या सुट्टीत बार्शीला जाशील तेव्हा बाबांना नोकरीचं नाव सांगू नकोस, कारण ते आत्ता तुझ्याकडे नाही आणि खोटं सांगितलंस तर त्यांना कळेल. त्यांच्याकडे एक वर्ष माग. कर्ज नको, फक्त मुदत. त्या वर्षात तू काय करणार ते त्यांच्यासमोर कागदावर लिही: शनिवार-रविवारचे वर्ग, त्यातून भाडं, जूनमध्ये दिवाळी अंकांसाठी नमुने, डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात महिन्यातले चार दिवस बसून भांडी काढणं आणि ती वही तिथल्या कुणा अभ्यासकाला दाखवणं, तीन महिने ब्लेंडर, राज्य कला प्रदर्शनाला एक चित्र. पाचही जमणार नाहीत. दोन जमली तरी वर्षाअखेर तुझ्याकडे काही बिलं, काही छापलेली पानं आणि आपल्याला नेमकं काय नको याची खात्री असेल. तेव्हाही ॲनिमेशनच हवं असेल, तर कर्ज काढा, मी स्वतः बाबांशी बोलेन.

एक काम मात्र सुट्टीतच कर. दुकानात बस आणि बाबांना काम करताना काढ. चेहरा नको, हात काढ, कात्री धरलेला, सुईत दोरा ओवतानाचा, मशीनच्या चाकावरचा. दिवसभर. वीस-तीस पानं झाली की मला पाठव, पुस्तकांच्या चित्रांचं काम करणाऱ्या एका मैत्रिणीला मला ती दाखवायची आहेत.